थोमा

थोमा आत्याच्या शिवणयंत्राच्या खणात राहतो. खण त्याला पुरत नाही. त्यामुळे तो नेहमी चार बोटं उघडा असतो आणि थोमाचा लाल कोपरा बाहेर आलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्याला तो हमखास लागतो. ज्याला लागतो तो गुडघा चोळत विचारतो, "हे काय ठेवलंय इथं?" आणि आत्या आतून सांगते, "थोमा आहे. जपून."

थोमा ही वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, अंगाने लांबुडकी. दुकानात रोजकीर्द लिहीत, तशी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिचा पुठ्ठा वाकडा होतो. वास खळीचा, थोडा डांबरगोळ्यांचा. खरं तर वही म्हणजे 'ती', पण आत्याने नाव ठेवलं थोमा, आणि तेव्हापासून घरात सगळे तिला 'तो' म्हणतात. मीही तेच करते.

त्याचा जन्म नगरच्या कापड बाजारातला. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तिथे एका दुकानात हिशेब लिहायला होते. १९७९च्या दिवाळीत शेठजींनी नव्या वह्या मांडल्या, पूजा झाली, आणि एक वही जास्तीची निघाली. ती त्यांनी मामांना दिली. पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढलेला होता. ख्रिस्ती घरात अशी वही आल्यावर कुणीतरी सुचवलं, ते पान फाडून टाका. आत्याने ते फाडलं नाही. तिचं कारण धर्माचं नव्हतं, शिलाईचं होतं. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याचं जोडपान पलीकडे सैल होतं, आणि मग सगळी घडीच हलायला लागते. आजही थोमा उघडला की आधी तो फिकटलेला 'श्री' दिसतो आणि मग प्रार्थनेच्या नोंदी सुरू होतात. त्यातलं एकही पान आजवर फाटलेलं नाही. पुढे काही पानं फाडावीशी वाटण्यासारखी आली, तेव्हा ही शिलाई फार कामाला आली.

आता या नोंदी कसल्या, ते सांगायला हवं.

आत्या एका मिशन दवाखान्यात नर्स होती. आमची मंडळी जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाची. या मिशनचं नगरमधलं काम १८३१ सालापासूनचं, 'ज्ञानोदय' इथूनच १८४२ साली निघालं, आणि १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा आम्ही त्यात गेलो. उपासनेत सरळ बसायचं, 'उपासना संगीत'मधलं गीत उभं राहून म्हणायचं, उपदेश ऐकायचा, बाहेर आल्यावर एकमेकांना सलाम करायचा. कुणी मध्येच "आमेन!" म्हणून ओरडलं तर पुढच्या दोन बाकांवरच्या माना वळायच्या. अशा मंडळीत एका नर्सबाईला वाटू लागलं की प्रार्थना करताना आपल्याला कधीकधी काहीतरी 'मिळतं'. दुसऱ्यासाठी. एखादं नाव, एखादं चित्र, एखादा शब्द. मराठी पवित्र शास्त्रात याला संदेश देण्याचं दान म्हटलं आहे. नव्या पंथांच्या सभांत भविष्यवाणी किंवा सरळ प्रॉफेसी म्हणतात. आत्या घाबरून पाळकसाहेबांकडे गेली.

साहेब विद्वान होते. ते म्हणाले, ही दानं प्रेषितांच्या काळापुरती होती, ती संपली. आत्या म्हणाली, "असेल साहेब. मग मला दळण टाकून येताना जे होतं, त्याला काय म्हणू?"

साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "सुचणं म्हणा."

ती घरी आली आणि जिथे दुकानात 'जमा' लिहितात त्या डाव्या बाजूला तिने लिहिलं, 'सुचलं'. उजवीकडे, 'नावे'च्या जागी, लिहिलं, 'झालं'. मधली घडीची खूण तशीच राहिली. वही दोन बाजूंची का असते हे मामांनी तिला समजावलं होतं. नुसती जमा लिहिणारा दुकानदार फार सुखात असतो, आणि तिसऱ्या वर्षी दुकान विकतो.

थोमा हे नाव नंतर आलं, आपोआप. जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो शिष्य. आपल्याकडे त्याचं नाव वाईट झालं आहे. जो संशय घेतो तो थोमा. पण आत्याचं म्हणणं असं की प्रभूने त्याला हाकलून दिलं नाही, हात पुढे केला. आणि हाच थोमा पुढे समुद्र ओलांडून भारतात आला अशी मलबारच्या ख्रिस्ती लोकांची जुनी श्रद्धा आहे. संशय घेणारा सगळ्यांत लांब चालत आला, हे आत्याला फार आवडतं.

थोमाचं पहिलं लक्षण म्हणजे तो आमेन म्हणत नाही. खोलीत वीस बायका डोळे मिटून "होय प्रभू, होय प्रभू" म्हणत असतात तेव्हा तो पिशवीत, पवित्र शास्त्राखाली, गप्प पडलेला असतो. त्याला फक्त तारीख कळते. कुणासाठी, ते कळतं. आणि पुढे काय झालं, ते कळतं. मधला सगळा गहिवर त्याच्या रकान्यांत मावत नाही.

दुसरं लक्षण: तो भोळा नाही, पण कुणाची थट्टाही करत नाही. त्याच्यात सगळं सारख्याच शाईत आहे. उदाहरणार्थ, १९८३ सालच्या एका नोंदीत डावीकडे: 'शाळेतली शिपाईबाई. कडी दिसली, आतून लावलेली.' उजवीकडे: 'विचारलं. काही नाही म्हणाल्या.' त्याखाली तीन आठवड्यांनंतरची, वेगळ्या पेनाने केलेली नोंद: 'रात्री नवरा पिऊन आला की मुलांना घेऊन मोरीत आतून कडी लावून बसतात. काल स्वतःहून सांगितलं. आज संध्याकाळपासून मुलं आपल्याकडे झोपायला.' आणि याच पानावर, चार ओळी खाली, डावीकडे एकच शब्द: 'कांदे.' उजवीकडे: 'बहुतेक मलाच भूक लागली होती.'

आणखी एक नोंद मला पाठ आहे. डावीकडे, 'पाळकीणबाई. चपला, उलट्या.' उजवीकडे, 'त्यांनाही अर्थ लागला नाही, मलाही नाही. चहा छान झाला.'

बाहेरच्या माणसाला वाटतं की संदेश म्हणजे आकाशातून आवाज, अंगाला कंप, डोळे पांढरे. शेजारच्या काकूंनी एकदा आत्याला हात दाखवला होता. पहाटे पिंगळा कंदील घेऊन येतो, नंदीबैलवाला मान हलवून घेतो, मग नर्सबाईंनी सांगितलं तर काय बिघडलं, असा त्यांचा सरळ हिशेब. आत्याने हात बघितला, म्हणाली, "हिमोग्लोबिन कमी दिसतंय, उद्या दवाखान्यात या." हा संदेश तिने थोमात घातला नाही. त्यासाठी पवित्र आत्मा लागत नाही, नख बघितलं तरी पुरतं.

अंगात येण्याशीही याचा संबंध ती लावू देत नाही. करिंथच्या मंडळीत असाच गोंगाट माजला होता, सगळे एकदम बोलायचे. पौलाने त्यांना लिहिलं की दोघा-तिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारखावं, आणि दुसऱ्या कुणाला काही मिळालं तर पहिल्याने गप्प बसावं. गप्प बसता येतं, हा त्यातला मोठा मुद्दा. संदेश देणाऱ्याचा आत्मा त्याच्याच ताब्यात असतो. म्हणून कुणी "मी नव्हे, माझ्यातून प्रभूच बोलला" असं म्हणून हात झटकू लागला की आत्या म्हणते, "तोंड कुणाचं होतं?"

आणि संदेश कशासाठी द्यायचा, हेही त्याच पत्रात आहे. ऐकणारा माणूस उभा राहावा, त्याला धीर यावा, त्याचं मन निवावं. आत्या याला चाळणी म्हणते. काही सुचलं की आधी थोमात जातं, लगेच तोंडातून नाही. मग ती चहा ठेवते. चहा होईपर्यंत स्वतःला विचारते की हे माझ्या मनातली इच्छा तर नाही? राग तर नाही? कालच्या भांडणाचं उरलेलं तर नाही? (भाऊबंदांविषयी सुचलेलं तिने अनेक वेळा खोडलं आहे, एका रेघेने, वाचता येईल असं.) शास्त्राच्या विरुद्ध जातंय का? एवढ्यातून उरलं तर त्या माणसाकडे जायचं, शक्यतो दुसरी एक बाई बरोबर घेऊन, आणि म्हणायचं, "मला असं वाटलं. तुम्ही पारखून घ्या." 'प्रभू म्हणतो' असं वाक्य चाळीस वर्षांच्या थोमात पहिल्या नऊ वर्षांपुरतंच आहे. ते का थांबलं, त्या पानाकडे मी येते.

त्याआधी आत्याच्या आजीची बादली.

आत्याची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १९०० सालच्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. आईबाप आठवत नाहीत, भाषा बदललेली, आणि अचानक पोटभर भाकरी. १९०५ साली, जून महिन्याच्या शेवटी, मुक्तीत ती प्रसिद्ध जागृती झाली. त्याच्या आधीच्या वर्षी वेल्समध्ये अशी जागृती सुरू झाली होती, आणि १९०५मध्येच खासी डोंगरातही झाली होती. केडगावला मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या. एका पहाटे एका मुलीच्या अंगावर जाळ दिसला म्हणून दुसरी धावत जाऊन बादलीभर पाणी घेऊन आली. पाणी ओतणार तेवढ्यात लक्षात आलं की ही चुलीतली आग नव्हे. त्या काळच्या मिशनच्या लिखाणात हा प्रसंग आहे. सगळे उपदेशक तो जाळाविषयी सांगतात.

आजी मात्र बादलीविषयी सांगायची. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची, दुसऱ्या खोलीत झोपलेली. तिने स्वतः जाळ पाहिला नाही, बादलीही नाही, दुसऱ्या दिवशी ऐकलं. पण तिचं मत जन्मभर पक्कं होतं, की त्या पहाटे सगळ्यांत शहाणी मुलगी ती बादलीवाली. जाळ दिसला, तर पाणी आण. देवाचा असेल तर पाण्याने विझणार नाही, आणि देवाचा नसेल तर पोरगी वाचेल.

मोठी झाल्यावर आजी मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला बसली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीतलं भाषांतर तिथेच, मुलींनी-बायकांनी छापलं. ते संपूर्ण बाहेर आलं १९२४ साली, रमाबाई जाऊन दोन वर्षं झाल्यावर. खिळ्याचं अक्षर उलटं असतं. ते उलटं वाचून जुळवायचं आणि तरीही छापण्याआधी एक कच्चा कागद काढून बघायचाच. आजी आत्याला सांगायची, देवाचं वचन होतं गं, तरी आम्ही प्रूफ काढत होतो.

आता ते पान. १९८८.

आमच्या गल्लीतल्या मंगळवारच्या घरगुती प्रार्थनासभेला एक जोडपं येई. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नाही. त्या बाईला घरात काय ऐकावं लागे ते सांगायला नको. एका मंगळवारी ती प्रार्थनेत हमसून रडली. आत्याचे डोळे मिटलेले होते, तिला पाळणा दिसला. ती बोलून गेली, "प्रभू म्हणतो, पुढच्या पावसाळ्याआधी तुझ्या घरात पाळणा हलेल." खोलीतल्या सगळ्या बायका एका आवाजात आमेन म्हणाल्या. गाणं झालं. कुणीतरी पेढे आणले, तेही झाले. त्या दिवशी ती घरी आली आणि थोमात आधी नाही, नंतर लिहिलं. ओळीत क्रम चुकला आहे, वरच्या दोन ओळींच्या मध्ये अक्षर बारीक करून घुसवलं आहे. एवढं आज बघितलं तरी कळतं की त्या रात्री ती चहा ठेवायला विसरली होती.

पावसाळा आला, गेला. उजवीकडे एक शब्द आहे: 'नाही.'

इथे खरी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण महिन्याभराने कळलं की त्या जोडप्याने पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती आणि ती रद्द केली होती. वचन मिळालंय, मग डॉक्टर कशाला, असं म्हणून. वर्ष गेलं. हे त्यांनी आत्याला विचारूनही केलं नव्हतं. नर्सबाईला विचारायला लाज वाटली असेल, किंवा विचारायची गरजच वाटली नसेल. प्रभूच बोलला होता ना.

आत्या दोन दिवस जेवली नाही. मग थोमा पिशवीत घालून त्यांच्या घरी गेली. मामा बरोबर होते. मी लहान होते, मलाही नेलं, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं. तिने त्यांच्या स्टुलावर वही उघडली आणि त्यांच्यासमोर 'नाही'च्या खाली लिहिलं, आणि लिहीत असताना मोठ्याने वाचलं: 'चूक. हे प्रभूचं नव्हतं. हिचं रडणं मला बघवलं नाही, म्हणून माझं मन बोललं आणि मी प्रभूचं नाव लावलं. डॉक्टरकडे जावं हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नर्स आहे.' खाली सही केली. तारीख घातली.

त्या बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. पण आमचं वर्ष गेलं, ते कुठल्या बाजूला लिहिणार?"

आत्याकडे उत्तर नव्हतं. थोमातही तशी जागा नाही. त्या बाई पुढे दोन वर्षं आत्याशी बोलल्या नाहीत. बोलायला लागल्या तेव्हाही पूर्वीसारख्या नाहीत. त्यांना मूल झालं की नाही, ते मी इथे सांगणार नाही. ते सांगितलं की वाचणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं आणि चूक एकतर माफ होते नाहीतर फार मोठी होते. थोमात ती जेवढी आहे तेवढीच आहे: साडेसहा ओळी.

पुढच्या रविवारी आत्याने ही नोंद पाळकसाहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली आणि म्हणाले, "तुमच्या संदेशांवर माझा अजून विश्वास नाही. या वहीवर बसायला लागलाय."

तेव्हापासून तिने तीन दारांत उभं राहायचं नाही असं ठरवलं. लग्न, पाळणा आणि तारीख. या तिन्हींविषयी काहीही सुचलं तरी ते डावीकडे लिहायचं आणि तिथेच ठेवायचं. सांगायचं झालं तर मी तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे, एवढंच.

मला वाटतं, थोमाचा स्वभाव त्या पानानंतर बदलला. किंवा आत्याचं अक्षर बदललं. आधीच्या नोंदी उभ्या, ठाम, शाई दाबून लिहिलेल्या. नंतरच्या जराशा तिरक्या, आणि मध्ये 'वाटलं', 'बहुतेक', 'कदाचित' असे शब्द. उजव्या बाजूला जास्त मजकूर येऊ लागला. पूर्वी 'झालं' किंवा 'नाही' असायचं. आता 'जाऊन आले', 'डबा दिला', 'ऐकून घेतलं, सांगितलं काहीच नाही', 'पैसे दिले, परत मागायचे नाहीत'. म्हणजे सुचलेल्याचा जमाखर्च तिच्या पायांनी आणि पर्सनं केलेला.

आत्याच्या लेखी यात नवीन काही नाही. अगब नावाचा संदेष्टा अंत्युखियाच्या मंडळीत उठून म्हणाला की मोठा दुष्काळ येणार आहे. क्लौद्य बादशहाच्या वेळी तो आला. पण मंडळीने तो येईपर्यंत वाट बघितली नाही, ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून यहूदीयात पाठवली. आत्या म्हणते, बघ, संदेश शेवटी वर्गणीच्या वहीतच गेला. याच अगबाने पुढे पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवले, की यहूदी तुला असे बांधून परक्यांच्या हाती देतील. प्रत्यक्षात यरुशलेमात लोकांनी पौलाला मारायला धरलं आणि रोमी सरदाराने येऊन त्याला दोन साखळ्यांनी बांधलं. शास्त्री लोक यावर अजून वाद घालतात. मामांनी एकदा हिशेबनिसाच्या गंभीरपणे विचारलं होतं, "म्हणजे उजवीकडे काय लिहायचं? बरोबर, की किरकोळ फरक?"

"आणि योनाच्या वहीत?" आत्या म्हणाली. चाळीस दिवसांत निनवे पालथं पडेल असं सांगून आला, लोकांनी गोणपाट नेसलं, आणि शहर वाचलं. योना रुसून बसला. त्याच्या उजव्या रकान्यात 'नाही' आलं होतं, आणि ते 'नाही' देवाने स्वतः लिहिलं होतं.

तिला खरी माया आहे ती फिलिप्पाच्या चार मुलींविषयी. कैसरीयात राहणाऱ्या, लग्न न झालेल्या, संदेश देणाऱ्या. प्रेषितांच्या पुस्तकात त्यांचा एका वाक्यात उल्लेख येतो आणि त्या काय म्हणाल्या ते एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. "त्यांना थोमा नव्हता," आत्या म्हणते.

थोमाला लोक घाबरतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक उपदेशक आमच्या मंगळवारच्या सभेला आले. पांढरा सफारी, स्वतःचा स्पीकर. चार बाय चारच्या हॉलमध्ये स्पीकर. ते एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत संदेश देऊ लागले. एका मुलाला परदेश, एका बाईला जमिनीचा खटला सहा महिन्यांत जिंकणं, एका म्हाताऱ्याला साखरेच्या गोळ्यांतून सुटका. म्हाताऱ्याच्या वेळी आत्या उठली. मला वाटलं आता भांडण. तिने खणातून थोमा आणला, चष्मा लावला आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब, आजचीच तारीख घालू ना? आणि तुमचा फोन नंबर सांगता का? सहा महिन्यांनी मी कळवते काय झालं ते."

खोली शांत झाली. स्पीकरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

साहेबांनी नंबर दिला नाही. पण त्यानंतर जे तिघे-चौघे राहिले होते त्यांचे संदेश फार वेगळे झाले. सहा महिने गेले, 'योग्य वेळी' आलं. सुटका गेली, 'विश्वास असेल तर' आलं. शेवटच्या बाईला तर ते नुसतं म्हणाले, "बाई, तुम्ही थकलेल्या दिसता. विसावा घ्या." ती बाई रडायला लागली, कारण ती खरोखरच थकलेली होती, आणि हे तिला वर्षभरात कुणी म्हटलं नव्हतं. आत्याने त्या संध्याकाळच्या नोंदींत या एकीपुढे लगेच लिहिलं: 'खरं.' आणि म्हाताऱ्याला दारापर्यंत पोचवताना सांगितलं, गोळ्या चालू ठेवा बरं का.

एकतीस डिसेंबरच्या रात्री मंडळीत वचनाच्या चिठ्ठ्या वाटतात, त्या थोमात जात नाहीत. हल्ली फोनवर येणारे नव्या वर्षाचे संदेशही नाहीत, यंदा दुप्पट वाटा, यंदा दार उघडणार, दहा जणांना पाठवा. आत्याचं म्हणणं की या चिठ्ठ्या कधी कुणाला वाईट निघत नाहीत, यावरूनच ओळखावं. निदान एका चिठ्ठीवर तरी 'यंदा गप्प बस' असं असायला हवं होतं. तिने एका वर्षी तशी एक लिहून परडीत टाकलीही होती. ती कुणाला निघाली ते कधी कळलं नाही. कुणी उघड केलं नाही.

गेल्या वर्षी थोमा भरला. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत. मामा आता नाहीत. आत्याचे डोळे अधू झाले आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचा काही उपयोग नाही. तिने मला पुण्याहून बोलावलं आणि म्हणाली, "नवीन वही आण, तशीच."

मी कापड बाजारात गेले, तिथून दाळमंडईत. रोजकीर्दीची वही म्हटल्यावर एक तरुण दुकानदार हसला. "ताई, आता सगळं टॅलीत." दुसऱ्याने माळ्यावरून एक लाँगबुक काढून दिली, पुठ्ठ्यावर धबधब्याचं चित्र. तीच घेऊन आले. आत्याने पानावरून हात फिरवला.

"एकच रकाना आहे."

"हो."

"मग पट्टी घे. मधोमध रेघ मार."

मी रेघा मारल्या. पन्नास पानांनंतर मनगट भरून आलं, पण ती समोर बसून पट्टी सरकल्याचा आवाज ऐकत होती, त्यामुळे थांबता येईना. मग म्हणाली, "आता शिल्लक पुढे ओढ." म्हणजे थोमातल्या ज्या नोंदींपुढे उजवीकडे अजून कोरं आहे, त्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायच्या. झालेल्या, न झालेल्या, चुकलेल्या तिथेच राहतील. कोऱ्या पुढे जातील.

मी थोमा पहिल्या पानापासून चाळला. कोऱ्या अकरा निघाल्या. एवढ्या वर्षांत फक्त अकरा, याचं मला नवल वाटलं. आत्याला अकरा जास्त वाटल्या. एकेक मोठ्याने वाचून मी लिहू लागले. एक जण दुबईला गेलेला, पुढे पत्ताच नाही. एक शेजारीण बदली होऊन नांदेडला. एकीचं नाव ऐकून आत्या म्हणाली, "ती गेली. तिच्यापुढे 'विचारायचं राहिलं' असं लिही, तिथेच, जुन्यात." पण लगेच म्हणाली, "नको. तिची मुलगी आहे. पुढेच ओढ."

अकरावी १९९४ सालची होती. डावीकडे माझं नाव. त्यापुढे दोन ओळी, मी आधी कधी न वाचलेल्या. शेवटच्या परीक्षेत नापास होऊन मी घर सोडून जायचं ठरवलं होतं, कुणालाही न सांगता, त्या आठवड्यातली तारीख. त्या दोन ओळींत काय होतं ते माझ्यापाशीच राहू दे. आत्याने ते मला कधी सांगितलं नव्हतं. का, तेही थोमात लिहिलेलं नाही.

मी पेनाचं टोपण लावलं. वही मिटली. धबधब्याचं चित्र वर आलं.

आत्या मांडीवर बोटं मोजत बसली होती.

"दहाच झाल्या," ती म्हणाली.